प्रत घेतली, पण परत मिळेल का?

३१ मार्च हा बँकांच्या दृष्टीने वर्षभराचा हिशेब मिटवण्याचा दिवस. योगायोग असा की, २०११ पासून हाच दिवस ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणूनही पाळला जातो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ एप्रिलला, फजिती होऊ नये म्हणून संगणकातील माहितीची दुसरी प्रत आदल्या दिवशीच करून ठेवावी, अशी त्यामागील मिश्कील कल्पना आहे.

मुदत ठेवीची पावती हरवली, तर ठेवीदार क्षणभर घाबरतो. परंतु अर्ज करून दुय्यम पावती मिळवता येते. कारण मूळ नोंद बँकेत सुरक्षित असते. घरच्या संगणकातील मुलीच्या बारशाची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण, निवृत्तीनंतर चिकाटीने टंकलिखित केलेल्या आठवणी यांची मात्र अन्यत्र कोठेही नोंद नसते. हार्ड डिस्क आपले आयुष्य संपवताना पूर्वसूचना देईलच, असे नाही. म्हणून ‘दुय्यम पावती’ची व्यवस्था आपली आपणच आधी करून ठेवावी लागते.

तीन गैरसमज

‘आमच्या सर्व फाईली डी ड्राईव्हमध्येही आहेत,’ असे पुष्कळजण निश्चिंतपणे सांगतात. घरगुती संगणकात सी आणि डी हे बहुधा एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच जळाले, तर दोन्ही कप्पे जळतात.

दुसरा गैरसमज बाहेरच्या हार्ड डिस्कविषयीचा. संगणकात जागा उरली नाही म्हणून छायाचित्रे त्या डिस्कवर हलवली आणि मूळ जागेवरून पुसून टाकली, तर ते केवळ स्थलांतर झाले. प्रत पूर्वीइतकीच, म्हणजे एकच राहिली.

तिसरा गैरसमज इंटरनेटवरील साठवणुकीचा. गुगल ड्राईव्ह किंवा वनड्राईव्हसारख्या सेवा संगणकातील फोल्डर आणि इंटरनेटवरील फोल्डर सतत एकसारखे ठेवतात. ही सोय उत्तमच. परंतु चुकून पुसलेली फाईल तिकडूनही पुसली जाते. कचरापेटीतून ती परत मिळते खरी, पण तीही ठरावीक मुदतीपुरतीच.

सॉफ्टवेअर निवडताना

बॅकअप सॉफ्टवेअर मुख्यतः दोन प्रकारे काम करते. एक प्रकार निवडक फाईलींची प्रत घेतो. दुसरा संपूर्ण डिस्कची, विंडोज आणि सर्व प्रोग्रॅमसह, हुबेहूब प्रतिमा तयार करतो. विंडोज पुन्हा बसवता येते, प्रोग्रॅमही पुन्हा मिळतात. म्हणून बहुतेक घरांना पहिला प्रकार पुरेसा आहे. संगणकावरच व्यवसायाचे हिशेब चालत असतील, तर दुसऱ्याचीही जोड द्यावी. बिघाडानंतर काम लवकर सुरू होते.

रोज सगळी माहिती नव्याने उतरवण्याचीही गरज नसते. एकदा पूर्ण प्रत घेतल्यावर पुढे केवळ बदललेल्या फाईलींची प्रत घेणे, याला ‘इन्क्रिमेंटल’ बॅकअप म्हणतात. खतावणी एकदा उतरवून घ्यावी आणि नंतर रोजच्या कीर्दीची तेवढी नक्कल ठेवावी, तसा हा प्रकार. वेळ आणि जागा वाचते. मात्र माहिती परत मिळवताना पहिल्या पूर्ण प्रतीपासून शेवटच्या दिवसापर्यंतची साखळी शाबूत असावी लागते. त्यामुळे अधूनमधून नवी पूर्ण प्रत घेणे हिताचे.

विकत घेण्यापूर्वी संगणकात आधीच असलेली साधने पाहावीत. विंडोजमध्ये २०१२ पासून ‘फाईल हिस्टरी’ आहे. ती आपणहून सुरू नसते, सुरू करावी लागते. त्यानंतर बाहेरची डिस्क जोडलेली असताना ती ठरलेल्या फोल्डरांतील बदललेल्या फाईलींची नवी आवृत्ती दर तासाला जतन करते. आपले सर्व महत्त्वाचे फोल्डर तिच्या यादीत आहेत ना, हे मात्र तपासून घ्यावे. ॲपलच्या संगणकात २००७ पासून ‘टाईम मशीन’ हीच सेवा देते.

अन्य सॉफ्टवेअर घ्यायचे असल्यास चार प्रश्न विचारावेत. आठवण न करता ते ठरल्या वेळी आपोआप चालते का? एकाच फाईलच्या जुन्या आवृत्त्या राखते का? प्रत सांकेतिक रूपात, पासवर्डने बंद ठेवता येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, उद्या हे सॉफ्टवेअर मिळेनासे झाले, तर आपली माहिती उघडता येईल का? हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नव्हे. ‘मॅक्रिअम रिफ्लेक्ट’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती उत्पादकांनी २०२४ च्या प्रारंभी थांबवली. फाईल हिस्टरी फाईली साध्या स्वरूपातच, नावापुढे तारीख-वेळ जोडून ठेवते. त्या कोणत्याही संगणकावर उघडतात. काही सॉफ्टवेअर मात्र केवळ स्वतःलाच वाचता येईल अशा स्वरूपात प्रत ठेवतात.

प्रती किती आणि कोठे?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनातून प्रसिद्ध झालेला ‘३-२-१’ चा नियम येथे मार्गदर्शक ठरतो. माहितीच्या एकूण ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ घराबाहेर असावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. घरात शिरलेले असे पाणी संगणक कोणता आणि शेजारच्या खणातील बॅकअपची डिस्क कोणती, असा भेद करत नाही.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने दुसरा धोका दाखवला. सुमारे १५० देशांतील संगणकांच्या फाईली कुलूपबंद करून त्याने खंडणी मागितली. असा विषाणू जोडलेल्या बाह्य डिस्कवरील प्रतींनाही सोडत नाही. म्हणून दोन डिस्क ठेवणे सोयीचे: एक घरी रोजच्या बॅकअपसाठी, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासातील नातलगांकडे. दर तीन महिन्यांनी त्यांची अदलाबदल करावी. तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवल्यास उत्तमच.

खरी परीक्षा

१९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाचे काम सुरू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतांश फाईली पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती. पण तो नीट होत नव्हता, हे तेव्हा उघडकीस आले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुस्मन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती.

तेव्हा ‘बॅकअप पूर्ण झाला’ या पडद्यावरील संदेशावर विसंबू नये. हिशेबनीस ताळा जमवतो, तसा येथेही ताळा पाहावा. महिन्यातून एकदा दोन-चार फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये परत मिळवाव्यात आणि उघडून पाहाव्यात. वर्षातून एकदा हाच प्रयोग दुसऱ्या संगणकावर करावा. कारण प्रत्यक्ष संकटात आपला संगणक हाताशी नसणार.

शेवटी एक सूचना. सांकेतिक प्रतीचा पासवर्ड हरवला, तर ती प्रत मालकालाही उघडत नाही. खात्यावर नामनिर्देशन करतो त्याच दूरदृष्टीने पासवर्ड कोठे लिहून ठेवला आहे आणि दुसरी डिस्क कोठे आहे, हे घरातील किमान एका व्यक्तीला सांगून ठेवावे. बारशाची ती छायाचित्रे शेवटी त्या मुलीच्याच हाती जायची आहेत.

येत्या ३१ मार्चची वाट पाहण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी एखादे जुने छायाचित्र बॅकअपमधून परत मिळवून पाहावे. ते उघडले, तर आपली व्यवस्था खरी. न उघडल्यास ती सुधारण्यास अजून अवधी आहे.