लोखंडावरचा नंबर बोलतो

रात्री घरासमोर लावलेली रिक्षा सकाळी जागेवर नसावी, तिथे नुसता ऑइलचा डाग दिसावा, याहून मोठा घाव कष्टकरी कुटुंबाला दुसरा कोणता? रिक्षा जाते, तिच्याबरोबर रोजची मिळकत जाते. कर्जाचा हप्ता तेवढा जात नाही. म्हणून चोर काय करतो आणि पोलीस त्याला कसे गाठतात, हे आपल्या घरात माहीत असावे असे आम्हाला वाटते.

चोराकडे जादू नसते. जुन्या गाडीचे लॉक झिजलेले असेल तर दुसरीच चावी लागते. कधी झटका देऊन हँडलचे लॉक तोडतात, वायर जोडून इंजिन चालू करतात. नव्या मोटारींत चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. तर बिनचावीने उघडणाऱ्या गाड्यांसाठी चोरांनी यंत्रे आणली. घरात ठेवलेल्या चावीचा संदेश ती गाडीपर्यंत पोहोचवतात.

खरी अडचण पुढे असते, ती म्हणजे माल खपवण्याची. काही टोळ्या गाडी सुटी करून भाग विकतात. काही जण अपघातात चुराडा झालेली गाडी कागदांसाठी विकत घेतात आणि तिचा चॅसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकतात. कागद खरे, गाडी मात्र दुसऱ्याची!

पोलीस नाकाबंदीत कागद तपासतात, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून गाडीची वाट शोधतात. पण मोठा साक्षीदार लोखंडच असते. नंबर ठोकताना खालचा धातूही दबतो. वरचा थर कानशीने घासला तरी आतला दाब राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे रसायन लावले की पुसलेले आकडे पुन्हा उमटू शकतात. मग मूळ मालक सापडतो, आणि विकणाऱ्यापासून चोरापर्यंतची साखळी उलगडते.

या साखळीत घेणाराही येतो, आणि इथेच आपण जपायला हवे. "स्वस्तात घ्या, कागद मागाहून देतो," असे म्हणणाऱ्याची मोटारसायकल पोरासाठी घेतली, तर एक दिवस पोलीस दारात येतात. गाडी जप्त होते, पैसे बुडतात. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे समजण्यास कारण असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

तेव्हा जुनी गाडी घेताना इंजिन व चॅसिसचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर परत फिरा. गाडी घेतली की आरटीओत नाव बदलून घ्या.

गाडी चोरीला गेली तर वेळ न घालवता फिर्याद द्या. हद्दीचे कारण सांगून कोणतेही पोलीस ठाणे ती नाकारू शकत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. विमा कंपनीलाही लगेच कळवा. मात्र नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. आज संध्याकाळी विम्याचा कागद काढा आणि घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्या. चोरी झाल्यावर तो वाचून काय उपयोग?