जुन्या छायाचित्रांसाठी स्कॅनरची निवड

जुन्या छायाचित्रांची अंकीय प्रत करावयाचे ठरले की फ्लॅटबेड स्कॅनरच्या जाहिरातीतील बिंदुसंख्येकडे प्रथम लक्ष जाते. ही कसोटी अपुरी आहे. ४ × ६ इंचांच्या कागदी छायाचित्राचे वाचन इंचास ६०० बिंदू या प्रमाणात केल्यास २४०० × ३६०० बिंदूंची प्रतिमा मिळते. अभ्यासास व पुनर्मुद्रणास ती बहुधा पुरते. १२०० बिंदू घेतल्यास फाइल चौपट होते, परंतु कागदावर मुळात नसलेला तपशील तीत येत नाही.

खरा प्रश्न संवेदकाचा आहे. सीआयएस जातीचा संवेदक काचेच्या अगदी लगत असतो. त्यामुळे यंत्र पातळ व स्वस्त होते. पण काचेपासून मिलिमीटरभर उचललेला भागही अस्पष्ट उमटतो. सीसीडी जातीत आरसे व भिंग यांच्या द्वारे प्रतिमा संवेदकावर पडते. म्हणून काही मिलिमीटर दूरचा भागही बराच स्पष्ट राहतो.

हा भेद महत्त्वाचा का, हे एकोणिसाव्या शतकातील अल्ब्युमेन छायाचित्रांवरून कळते. ती पातळ कागदावर असून सामान्यतः पुठ्ठ्यावर चिकटविली जात. त्यांपैकी पुष्कळ आज वाकलेली आढळतात. झाकणाखाली दाबून ती सपाट करू गेल्यास पुठ्ठा मोडण्याचा व वरच्या थरास तडे जाण्याचा धोका असतो. प्रतीसाठी मूळ साधनच गमावणे संशोधनास परवडणारे नाही.

सबब प्रथम सीसीडी संवेदक पाहावा. नंतर, फिकट झालेल्या छटा पुढे सुधारता याव्यात म्हणून, प्रत्येक रंगास १६ बिटांची नोंद होते की नाही हे पाहावे. बिंदुसंख्येचा विचार त्यानंतर करावा.