अंथरुणाला पाठ टेकली की…

दिवा मालवला की डोक्यात चक्रं सुरू होतात. घराचा हप्ता, मुलीची परीक्षा, द्यायचं राहिलेलं उत्तर. कामाच्या रगाड्यात मागे पडलेलं सगळं रात्री पुढे येतं, आणि ‘विचार करायचा नाही’ असं बजावलं की मन आणखी हट्टाला पेटतं.

त्यापेक्षा कागद-पेन घ्या. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या मायकेल स्कलिन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही तरुणांनी झोपण्यापूर्वी ५ मिनिटं राहिलेल्या कामांची यादी लिहिली, काहींनी उरकलेल्या कामांची. राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी लवकर. म्हणून ‘बँकेचं काम’ असं मोघम नको. ‘सोमवारी अकराला बँकेत, पासबुक आणि आधार कार्ड घेऊन’ असं लिहा. प्रयोग लहान होता खरा, पण करून बघायला खर्च काहीच नाही.

तरीही वीसेक मिनिटं कुशीच बदलत असाल तर सरळ उठा. घड्याळ बघू नका, मोबाइल तर नकोच. मंद उजेडात काहीतरी संथ वाचा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. अंथरूण म्हणजे काळजीची जागा, ही मेंदूची सवय अशीच मोडते. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठा. माझ्या मते हेच सगळ्यात जड जातं.

आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही, असं तीन महिने चाललं तर डॉक्टरांना गाठा. गोळीच्या आधी वर्तनोपचाराबद्दल विचारा. काळजी फारच दाटली तर सरकारच्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.