'मेकॅनिक' म्हणजे नेमकं काय, दादा?

मागच्या महिन्यात नाशिकहून दादाचा फोन आला. "तूच समजाव याला. बारावीला गणित-फिजिक्सला चांगले मार्क पडलेत आणि म्हणतो, विमानाचा मेकॅनिक होणार!" मागून पुतण्याचा आवाज, "काका, तुम्ही तिकडे विचारा ना कुणाला!"

मी सिएटलजवळ राहतो. एव्हरेट आणि रेंटनला बोइंगचे कारखाने असल्याने या क्षेत्रातली माणसं सहज भेटतात. आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ विमानांचे मेकॅनिक आहेत. रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो.

अमेरिकेत एफएए ही सरकारी संस्था 'ए अँड पी' प्रमाणपत्र देते. ए म्हणजे एअरफ्रेम, विमानाचा सांगाडा. पी म्हणजे पॉवरप्लांट, इंजिन. वय किमान 18 हवं. मान्यताप्राप्त शाळेत शिकायचं, नाहीतर दोन्ही मिळून 30 महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवायचा. मग तीन लेखी परीक्षा, शिवाय तोंडी आणि प्रात्यक्षिक.

"काम झालं की नोंदवहीत माझी सही आणि प्रमाणपत्राचा नंबर," ते म्हणाले. मी जरा गप्प झालो. माझा कोड बिघडला तर मी तो मागे घेतो. आकाशातलं विमान कसं मागे घेणार?

दादाला मग सगळं सांगितलं. भारतात डीजीसीएचं एएमई लायसन्स लागतं. बी1 यांत्रिक कामासाठी, बी2 एव्हिऑनिक्ससाठी. अमेरिकेचं प्रमाणपत्र तिथे थेट चालत नाही. इथे शिकलं म्हणून इथे नोकरी मिळेल असंही नाही, व्हिसाचं गणित वेगळं. त्यामुळे एजंटच्या नादी लागून लाखो रुपये घालू नका. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का आणि मुलांना प्रत्यक्ष विमानावर किती हात घालू देतात, हे आधी जाऊन बघा.

"पण लोकांना काय सांगू? मेकॅनिक?"

"दादा, 1903 मध्ये राइट बंधूंचं विमान उडालं. त्याचं इंजिन साधारण सहा आठवड्यांत चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने बनवलं होतं. ओझरच्या एचएएलची विमानं आपण लहानपणी गच्चीवरून बघायचो, तीसुद्धा कुणाच्या तरी हातांवर विश्वास ठेवूनच उडायची ना?"

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "फॉर्म कधी निघतात, विचार जरा त्याला."