कसरती अंगाचा सूट आणि आपला टेलर मास्टर

लग्नसराई जवळ आली की शेलूबाजार आणि आसपासच्या खेड्यांतील नवरदेव सूट घेण्यासाठी वाशिम, अकोला किंवा अमरावतीची वाट धरतात. गावच्या टेलरच्या हाती उरते ते बाह्या आखूड करण्याचे आणि पँटची मोहरी दुमडण्याचे किरकोळ काम. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, शेलूबाजारजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली आणि नागपूरची मोठी दुकानेही जवळ आली. रेडिमेडशी भावात टक्कर देणे लहान शिवणकाराला जमणारे नाही. परंतु एक गिऱ्हाईक असे आहे की ज्याला कोणतेही रेडिमेड दुकान पुरे पडत नाही. पोलीस वा फौजेच्या भरतीसाठी घाम गाळणारा, तालमीत किंवा जिममध्ये कसरत करणारा हा तरुण आहे. छाती रुंद, दंड भरलेले, मांड्या जाड आणि कंबर बारीक. हे गिऱ्हाईक आपल्या कारागीर बांधवांनी हातचे जाऊ देऊ नये.

रेडिमेड का बसत नाही?

कारखान्यात सूट जोडीने तयार होतो. छाती आणि कंबर यांत साधारण 6 इंचांचा फरक धरून कापड बेततात. धंद्यात याला 'ड्रॉप' म्हणतात. आता समजा, एखाद्या तरुणाची छाती 42 आणि कंबर 32 आहे. फरक झाला 10 इंचांचा. त्याने 42 चा कोट घेतला तर सोबतची पँट येते 36 ची. कंबरेत 4 इंच कापड जादा! मागच्या शिवणीतून दीड-दोन इंच काढता येतात. त्याहून जास्त काढले की मागचे खिसे एकमेकांना भिडतात आणि बाजूचे खिसे मागे सरकतात. बरे, 32 ची पँट घ्यावी तर मांडी आत जात नाही आणि तिच्या जोडीचा कोट छातीवर बटण लावू देत नाही.

तरीही ज्याला रेडिमेडच घ्यायचे आहे, त्याने कोट खांद्याला आणि छातीला बसतो की नाही हे आधी पाहावे. कंबर आत घेता येते, पण खांदा दुरुस्त करणे म्हणजे जवळजवळ कोट पुन्हा शिवणे होय. गावच्या मास्टरने गिऱ्हाइकाला एवढा सल्ला खरेदीआधी दिला, तरी त्याचे पैसे वाचतील आणि मास्टरवर भरवसा बसेल.

मापे कोणती घ्यावीत?

छाती, कंबर, सीट आणि लांबी एवढ्या मापांवर या अंगाचा सूट होत नाही. दंडाचा घेर, मांडीचा घेर, पाठीची रुंदी आणि समोरून छातीची रुंदी वेगळी घ्यावी. माप देताना असे तरुण छाती फुगवून उभे राहतात. त्यांना बोलण्यात गुंतवावे, श्वास सैल पडू द्यावा आणि मगच टेप लावावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढची आणि मागची लांबी. छाती भरलेली आणि उभे राहणे ताठ असेल, तर पुढचा भाग लांब व मागचा थोडा आखूड लागतो. हा हिशेब चुकला की कोट समोरून वर उचलल्यासारखा दिसतो. मानेजवळचे स्नायू वाढलेले असतील तर खांदा उतरता असतो. तो उतार मापात धरावा. जाड पॅड घालून तो लपवू नये. खांदे मुळात रुंद आहेत, त्यांना पातळ पॅड पुरते.

बेतण्यातील मुद्दे

छाती आणि कंबर यांतील सगळा फरक एकट्या बाजूच्या शिवणीत खाऊ नये. पुढचे टक्स, बाजूची शिवण आणि पाठीची शिवण यांत तो वाटून घ्यावा. मुंढा वर आणि बेताचा ठेवावा. मोठा मुंढा सोयीचा वाटतो, पण हात वर करताच सगळा कोट वर चढतो. बाही दंडाशी सैल आणि मनगटाकडे निमुळती असावी. मागे दोन्ही बाजूंना चीर ठेवली तर भरलेल्या सीटवर कोट ताणत नाही. पँटला पुढे एक-दोन प्लीट दिल्या की मांडीला जागा मिळते.

लंडनचे प्रसिद्ध शिंपी फ्रेडरिक शोल्टे प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे पुढे आठवे एडवर्ड झालेल्या राजाचे कपडे शिवत. गार्ड्स पलटणीच्या अधिकाऱ्यांचे ओव्हरकोट कंबरेला पट्ट्याने आवळलेले आणि छातीवर थोडे सैल पडलेले त्यांनी पाहिले. त्यावरून छातीवर आणि पाठीवर किंचित जादा कापड, मुंढा लहान आणि कंबर आत, अशी बेतणी त्यांनी बसवली. साध्या अंगालाही कसरती घाट देण्यासाठी ती वापरली गेली. आपल्या गिऱ्हाइकाचे अंग तर मुळातच तसे आहे. तेव्हा कोट अंगाला चिकटवून शिवण्याचा हट्ट धरू नये.

कापड निवडताना निव्वळ पॉलिएस्टर टाळलेले बरे. लोकर मिसळलेले कापड वाफेच्या इस्त्रीने छातीवर वळवता येते, पॉलिएस्टर वळत नाही. 58 इंच पन्ह्याचे सव्वातीन मीटर कापड साधारण सुटाला पुरते. अंग मोठे असेल तर थोडे वाढवूनच सांगावे.

ट्रायल चुकवू नये

कच्च्या शिलाईवर एक ट्रायल घेतलीच पाहिजे. बटण लावल्यावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट तंग आहे. समोरचा कॉलर फाकला तर छातीला जागा कमी आहे. मागचा कॉलर मानेपासून सुटला तर लांबीचा तोल किंवा खांद्याचा उतार पुन्हा तपासावा. गिऱ्हाइकाला हात पुढे करायला, खाली बसायला सांगावे. लग्नात तो दिवसभर पुतळ्यासारखा उभा राहणार नाही.

एवढ्या कामाला वेळ लागतो. म्हणून मजुरी आणि तारीख दोन्ही कापडाला कात्री लावण्यापूर्वीच स्पष्ट सांगावी. वायदा चुकला तर चांगल्या शिलाईचेही नाव होत नाही, आणि लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नाही.

शेवटी एक सूचना. कसरत करणाऱ्याचे अंग चार-सहा महिन्यांत बदलते. जुन्या मापावर कापड कापू नये. वहीत मापासमोर तारीख लिहावी आणि बाजूच्या व पाठीच्या शिवणीत इंचभर माया सोडावी. पुढे दंड-छाती वाढली की तोच सूट खोलून देता येईल, आणि तो खोलायला गिऱ्हाईक त्याच दुकानात येईल.