मेन स्विच पाडला तरी छपरावरची वीज चालूच

रत्नागिरीत ज्यांच्या घरावर सोलर आहे त्यांच्याशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : "लाइट गेली की सोलर आपोआप बंद होतं. मेन पाडला की विषय संपला." फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं, आणि कौलांवर, स्लॅबवर, पत्र्याच्या शेडवर पॅनेल चढली. त्यांच्यासोबत हा समजही घरोघर पोचला. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणूस मरू शकतो.

खरा भाग एवढाच, की ग्रिड गेली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत तारांवर वीज सोडणं थांबवायचं असतं. आयएस 16169 या मानकात त्याचीच चाचणी आहे. ही सोय महावितरणच्या खांबावर चढलेल्या वायरमनसाठी आहे. तुमच्या छपरावर चढलेल्या माणसाला तिचा काहीही उपयोग नाही.

पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. ऊन पडलं की ते वीज तयार करतंच. 540 वॅटच्या एका पॅनेलवर साधारण 50 व्होल्ट असतात. तीन किलोवॅटसाठी अशी सहा सिरीजमध्ये जोडून एक माळ, म्हणजे 'स्ट्रिंग', केली की झाले सुमारे 300 व्होल्ट डीसी. मेन पाडल्यावर करंट वाहायचा थांबतो, व्होल्टेज जात नाही. उलट चालू संचापेक्षा थोडा वाढतोच. छपरावरून पडवीतल्या इन्व्हर्टरपर्यंत उतरलेली लाल-काळी केबल उजेड असेपर्यंत जिवंत असते. "मग डीसीचा आयसोलेटर पाडू," असं कुणी म्हणतं. जरूर पाडा. पण तो बहुतेक घरांत इन्व्हर्टरशेजारीच असतो; त्याच्या वरची सगळी केबल तशीच राहते.

शिवाय हा डीसी आहे. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीला ती नाही. तुटलेल्या केबलच्या टोकांमध्ये आर्क जळत राहतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडची छपरं उडाली, मे 2021 मध्ये तौक्ते आलं. अशा वादळानंतर वीज कित्येक दिवस नसते आणि लोक "लाइटच नाही, काय होणार" म्हणत ओल्या पत्र्यावर चढतात. तिथे फुटलेलं पॅनेल आणि सोललेली केबल असेल, तर काय होणार याचं उत्तर 300 व्होल्ट हे आहे.

यावरचा उपाय म्हणजे रॅपिड शटडाउन. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तो 2014 मध्ये आला, 2017 मध्ये कडक झाला : बटण दाबल्यावर 30 सेकंदांत पॅनेलच्या क्षेत्राबाहेरच्या तारांवर 30 व्होल्टपेक्षा जास्त नको, आतल्या तारांवर 80 पेक्षा जास्त नको. प्रत्येक पॅनेलमागे एक रिसीव्हर बसतो. इन्व्हर्टरजवळचा ट्रान्समीटर डीसी केबलवरूनच त्याला 'चालू राहा' असा संकेत पाठवत असतो. संकेत थांबला की रिसीव्हर आपापलं पॅनेल तोडतात.

वायरिंग मात्र नीट हवं. ट्रान्समीटरचा पुरवठा इन्व्हर्टरच्याच एसी एमसीबीवरून घ्या. तो बॅटरी बॅकअपवर जोडला तर मेन पाडूनही संकेत जात राहतो आणि सगळा खर्च वाया जातो. ट्रान्समीटरच्या कड्यातून प्लस किंवा मायनस यांतली एकच तार जायला हवी. दोन्ही ओवल्या तर संकेत एकमेकांना मारतात. रिसीव्हरची पॅनेलकडची टोकं आधी जोडायची, स्ट्रिंगकडची नंतर. काम संपल्यावर शटडाउन करायला लावा आणि डीसी टोकांना मीटर लावून पाहा. इन्व्हर्टरमधला साठा उतरल्यावर 300 च्या जागी एकआकडी व्होल्टेज दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

बाकीचे समज थोडक्यात. ताडपत्री टाकली की झालं? ज्या ताडपत्रीतून उजेड दिसतो तिच्याखाली पॅनेल वीज करतं, आणि ओली ताडपत्री स्वतःच करंट देऊ शकते. रात्री धोका नाही? अमेरिकेतल्या यूएल संस्थेने 2011 च्या चाचण्यांत नोंदवलंय, की अग्निशमनच्या मोठ्या दिव्यांच्या किंवा शेजारच्या आगीच्या उजेडातही घातक वीज तयार होऊ शकते. अर्थिंग आहे ना? ते आवश्यकच आहे, पण त्याने केबल मेलेली होत नाही. मायक्रोइन्व्हर्टर असलेल्या घरात मात्र उंच व्होल्टेजची डीसी स्ट्रिंगच नसते; तिथे एसी बंद केला की छपरावरची लाइन खरंच बंद होते.

दरपत्रकात रॅपिड शटडाउन सहसा नसतं, ते मागून घ्या. शटडाउनचा स्विच घराबाहेर, हात पोचेल अशा जागी बसवा आणि त्यावर मराठीत पाटी लावा. घर गणपती-शिमग्यापुरतंच उघडत असेल तर तो शेजाऱ्याला दाखवून मुंबईला जा. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी वादळानंतर पॅनेलला हात न लावता बसवणाऱ्याला बोलवावं, आणि आग लागली तर 101 ला फोन करताना "छपरावर सोलर आहे" हे आधी सांगावं.