बर्फाची शाळा

शिरवणे हे गाव नव्या मुंबईच्या नकाशात आता हुडकावे लागते. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला जुईनगर आणि नेरूळचे सेक्टर, आणि मधल्या बेचक्यात आगरी मंडळींचे हे जुने गाव. निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो. इथून रिक्षाने खाडीच्या दिशेला निघाले आणि पाम बीच रस्ता ओलांडला, की करावे गावाजवळ एक मोठे आवार लागते. फाटकावर नाव आहे ‘टी. एस. चाणक्य’. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. जहाज कुठेच दिसत नाही. इमारती आहेत, मैदान आहे, पांढऱ्या गणवेशातली मुले आहेत. मागच्या पाणथळ जागेत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला मुंबईहून माणसे येतात. कॅमेरे सरसावून ती उभी राहतात ती या शाळेकडे पाठ करून.

मला मात्र ही शाळा हल्ली वेगळ्याच कारणाने आठवत राहते. कारण अलास्कातले आहे.

जून २०२१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी एक नवी शाळा काढण्याचे जाहीर केले. विषय : आर्क्टिक प्रदेशाची सुरक्षा. जागा : अलास्कातले अँकरेज शहर. नाव दिले टेड स्टीव्हन्स यांचे. अलास्काचे प्रतिनिधित्व करणारे हे सिनेटर चाळीस वर्षे सिनेटमध्ये होते. उभारणीची जबाबदारी आली रँडी की या निवृत्त हवाईदल मेजर जनरलांवर. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे अशा पाच शाळा आधीच होत्या. जर्मनीत गार्मिशला एक, होनोलुलूला एक, अशा. ही सहावी. इथे बंदूक चालवायला शिकवत नाहीत. लष्करी आणि मुलकी अधिकारी, मुत्सद्दी, अभ्यासक असे निरनिराळ्या देशांचे लोक एका वर्गात बसवायचे आणि त्यांना बर्फाच्या मुलखाचे राजकारण, हवामान, कायदे आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे प्रश्न समजावून द्यायचे, असा हा उद्योग आहे.

अशी शाळा आत्ताच का निघावी? उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त मोकळा होऊ लागला आहे. योकोहामाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे जायचे तर सुमारे वीस हजार किलोमीटर पडतात. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने गेले तर तेरा-चौदा हजार. जिथे वाट निघते तिथे वाटेवरचा नाकेदारही निघतो. आर्क्टिक परिषदेत आठ देश आहेत. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेल्यापासून त्यांतले सात एका गोटात आणि रशिया एकटा दुसरीकडे, अशी मांडणी झाली आहे. अणुशक्तीवर चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजांचा ताफा मात्र त्या एकट्याकडेच आहे.

‘पण यात आपला काय संबंध?’ हे रविवारच्या चहाबरोबर विचारणे रास्तच आहे. लोकमान्यांनी १९०३ मध्ये आर्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले होते, तेवढाच काय तो मराठी माणसाचा तिथला सातबारा. तोही पुढे विद्वानांनी मान्य केला नाही. असो. माझा संबंध आला तो आमच्या गल्लीतल्या एका मुलामुळे.

हा मुलगा तेलवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. दर्यावर्दी माणसांची घरे मला बँकेपासून परिचयाची. एनआरई खात्यावर डॉलरचे रुपये होऊन येत, आणि मुखत्यारपत्र घेऊन आई किंवा बायको काउंटरवर उभी असे. जहाज कुठे आहे हे तिला ठाऊक नसे, पैसे कुठल्या तारखेला येतात ते पक्के ठाऊक असे. या मुलाचे वडील एके संध्याकाळी आले ते कर्जाचे विचारायला. मुलाला चीफ ऑफिसर व्हायचे होते, आणि बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या एका कंपनीच्या जहाजांवर जागा निघणार होत्या. पगार बरा. त्यासाठी काही कोर्स करायचे होते.

“साहेब, बर्फात जहाज चालवायचं ते इथं उन्हात बसून शिकवतात होय?” त्यांनी विचारले.

मुलगा हसला. मग त्याने मला सगळे समजावून सांगितले, आणि त्यानंतर बरेच दिवस मी त्याच विषयाचे वाचत बसलो.

१ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजांना एक आंतरराष्ट्रीय नियमावली लागू झाली आहे. तिला पोलर कोड म्हणतात. अशा नियमांमागे बहुधा एखादी बुडालेली बोट असते. नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ ‘एक्स्प्लोरर’ नावाची प्रवासी बोट बर्फावर आदळून बुडाली. तिच्यावरची १५४ माणसे काही तास उघड्या होड्यांत कुडकुडत बसली आणि सगळीच्या सगळी वाचली, कारण दुसरे एक जहाज जवळपास होते. ते नसते तर? म्हणून नियमावली सांगते, की मदत येईपर्यंत किमान पाच दिवस माणसे तगली पाहिजेत, इतकी सामग्री जहाजावर हवी. पाच दिवस! मुंबई बंदराबाहेर बोट अडकली तर संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी पोहोचते.

बाकीच्या गोष्टी आमच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर ताट-वाट्या मांडून सांगितल्या. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्राची सुई मंदावते आणि बहकते. विषुववृत्तावर टांगलेले दळणवळणाचे उपग्रह पंचाहत्तर अक्षांशाच्या वर गेले की क्षितिजाला टेकू लागतात. मग फोन लागेलच असे नाही. वाऱ्याने उडालेले पाणी डेकवर, दोरांवर, डोलकाठीवर गोठत जाते, जहाज वरून जड होते आणि कलंडते. त्यामुळे रात्री-बेरात्री माणसे मोगऱ्या घेऊन बर्फ फोडत राहतात. मोठा हिमनग रडारवर दिसतो. घराएवढा तुकडा लाटेत लपतो, आणि तोच घात करतो. एका हिवाळ्याचे बर्फ आणि अनेक वर्षे मुरलेले बर्फ यांत पोह्यांचा पापड आणि खडीसाखर यांच्याइतका फरक असतो. तो रंगावरून ओळखावा लागतो.

इंग्रजीत अपघातापासूनच्या सुरक्षेला एक शब्द आहे आणि शत्रूपासूनच्या सुरक्षेला दुसरा. मराठीत दोन्हींना आपण सुरक्षाच म्हणतो. त्या समुद्रात मराठीच बरोबर आहे असे मला वाटू लागले आहे. कारण तिथे कोणाचे जहाज अडकले, कोणी सोडवले, कोणाच्या परवानगीने सोडवले, हे लगेच राजकारण होते.

तर या नियमावलीबरोबर अधिकाऱ्यांसाठी दोन पायऱ्यांचे शिक्षण सक्तीचे झाले. पहिली पायरी वर्गातली आणि सिम्युलेटरवरची. ती इथेही चढता येते. दुसरी, वरची पायरी कॅप्टन आणि चीफ ऑफिसर यांच्यासाठी. तिला अट आहे : किमान दोन महिने ध्रुवीय समुद्रात प्रत्यक्ष काम केलेले हवे. आता तिकडे जाणारी जहाजे मोजकी, आणि त्यांना आधीच अनुभव असलेली माणसे हवी असतात.

“काका, कागद असेल तर जहाज मिळतं, आणि जहाजावर असाल तर कागद,” मुलगा म्हणाला.

हे वाक्य ऐकले आणि मला करावे गावातली ती पांढऱ्या गणवेशाची शाळा आठवली. तिचा जन्मच या कोड्यातून झाला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश जहाजांवर हजारो हिंदी माणसे होती. रत्नागिरीकडचे सारंग, तांडेल, बंब्यावाले, भंडारी. सगळी खालच्या डेकवर. पुलावर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, गोरा साहेब. हिंदी माणसाला अधिकाऱ्याचे शिक्षण द्यायची सोयच देशात नव्हती. १९१९ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंधिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. बोट झाली, पण ती चालवणारे अधिकारी हिंदी नव्हते. भांडवल उभे राहते, यंत्र विकत मिळते, माणूस मात्र घडवावा लागतो, आणि त्याला वीस वर्षे लागतात. मी कर्जाच्या प्रस्तावांवर उभी हयात घालवली, पण या खर्चाचा रकाना कुठल्याच छापील अर्जात पाहिला नाही.

१९२२ मध्ये सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळात ठरावाच्या रूपाने मांडला. समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष कॅप्टन हेडलम. समितीच्या शिफारशींमधून १९२७ मध्ये ‘डफरिन’ ही सैन्याची जुनी बोट मुंबई बंदरात शाळा म्हणून उभी राहिली. तिचे पहिले कॅप्टन सुपरिंटेंडंट डिग्बी-बेस्ट. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. १९५८ मध्ये तो भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. पुढे १९७२ मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, आणि १९९३ मध्ये शाळा जमिनीवर, करावे गावाजवळ आली. २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘चाणक्य’ त्याचा भाग झाली. आज जगभरच्या व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांत दहा-बारा टक्के माणसे भारतीय असल्याचे सरकार सांगते. डफरिनवर पहिला मुलगा चढला तेव्हा असे भाकीत कोणी केले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

मग बर्फ जाणणारी माणसे आपल्याकडे अजिबातच नाहीत का? आहेत, आणि ती बंदरापेक्षा प्रयोगशाळेत जास्त आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम एकवीस जणांची तुकडी घेऊन गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. तो दक्षिण ध्रुवाकडचा मुलूख, पण थंडीची बाराखडी आपण तिथेच गिरवली. बोट नॉर्वेची, भाड्याची. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या आपल्या मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. या मोहिमांवर जाणाऱ्यांना पुढे हिमालयात औली इथे, इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत, बर्फात राहायचे धडे मिळू लागले. म्हणजे आपली बर्फाची शाळा समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर आहे!

उत्तरेकडे आपण गेलो ते २००७ मध्ये. भूशास्त्रज्ञ रसिक रवींद्र यांच्याबरोबर पाच जणांची तुकडी होती. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ हे आपले केंद्र सुरू झाले. उत्तर ध्रुव तिथून सुमारे बाराशे किलोमीटर. ज्या १९२० च्या करारामुळे हे शक्य झाले, त्यावर ब्रिटिश हिंदुस्थानचीही सही आहे, आणि त्याच करारान्वये तिथे लष्करी तळ उभारता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये प्रथमच आपले चार शास्त्रज्ञ तिथल्या चोवीस तासांच्या अंधारात हिवाळी मोहिमेवर गेले. गोवा, बंगळूर आणि मंडी इथल्या संस्थांबरोबर पुण्याच्या हवामान संस्थेचाही त्यात वाटा होता. सप्टेंबरात आपल्याकडे कोसळणाऱ्या पावसाचा कारा समुद्रातल्या कमी झालेल्या बर्फाशी संबंध असावा, असे गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी मांडले आहे. गल्लीत पाणी भरले की मला हल्ली कारा समुद्र आठवतो, आणि घरचे हसतात.

हे केंद्र वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे आणि मार्च २०२२ मध्ये आलेल्या भारताच्या आर्क्टिक धोरणाची मुख्य जबाबदारी त्याच्याकडेच आहे. धोरणात देशात माणसे तयार करण्याचे कलमही आहे. माझी तक्रार एवढीच, की वास्कोच्या शास्त्रज्ञाला बर्फ कळतो आणि नेरूळच्या मुलाला जहाज कळते, पण दोघांना एका वर्गात बसवणारी जागा आपल्याकडे नाही. अँकरेजला रँडी की यांनी नेमके तेच आरंभले.

तोवर आपण शेजाऱ्यांच्या शाळेत मुले घालतो आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये व्लाडिवोस्तोकला केंद्रीय मंत्री सर्बानंद सोनोवाल गेले तेव्हा भारतीय दर्यावर्द्यांना तिथल्या सिम्युलेटरवर ध्रुवीय समुद्राचे शिक्षण देण्याचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन दिल्लीला आले, त्या वेळी याच शिक्षणाचा करार झाला. मला यात वावगे काही दिसत नाही. बर्फफोड्या जहाजांचे इतके ज्ञान दुसरीकडे कुठे मिळणार? पण ज्या मुलाला उद्या नॉर्वेच्या किंवा ग्रीसच्या मालकाकडे नोकरी करायची आहे, त्याच्या हातातला कागद निर्बंधांच्या वादळात कसा ठरेल, हा प्रश्न बँकेतल्या माणसाला पडल्याशिवाय राहत नाही. सगळी ठेव एकाच शाखेत ठेवू नका, असे मी खातेदारांना सांगत आलो.

दुसरी शाखा उघडायची चिन्हे आहेत. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन जहाज भारतात बांधण्याचा करार केला. तसे जहाज आपल्याकडे आजवर नव्हते. १९८१ पासून आपण भाड्यानेच नेत आलो. जहाज पाण्यात उतरेल तेव्हा त्यावर शास्त्रज्ञांच्या खोल्या असतील, यंत्रे असतील. माझे लक्ष मात्र त्या आराखड्यातल्या एकाच आकड्याकडे असेल : शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी किती बर्थ ठेवले आहेत. दोन असले तरी वर्षाला काही मुलांचे ते दोन महिने भरतील.

आमच्या गल्लीतल्या मुलाने पहिल्या पायरीचा कोर्स केला आहे. कर्ज लागले नाही, वडिलांनी ठेव मोडली. सध्या तो इराणच्या आखाताच्या बाजूला कुठेतरी आहे आणि तिथे पारा चव्वेचाळीसवर गेला आहे.